खोडदच्या तीस तबकड्या आणि त्यामागची सहा दशके

जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. त्या घटनेला ऑक्टोबर २०२६ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. रौप्यमहोत्सव दुर्बिणीचा आहे. पण ती उभारणारी मंडळी त्याआधी अडतीस वर्षे एकत्र काम करत होती. कल्याणला, मग उटीला, मग पुण्यात. पत्ते बदलले, काही माणसे गेली, नवी आली. एक सवय मात्र टिकून राहिली. बाजारात जे मिळत नाही किंवा परवडत नाही, ते आपणच बनवायचे. या सवयीचा उगम शोधायला सिडनीतल्या एका जलाशयाच्या काठापर्यंत जावे लागते.

१९५३–१९६२ : पॉट्स हिलचा काठ

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन १९५२ मध्ये सिडनीला एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी गेले. महायुद्धातल्या रडारवर काम केलेले ऑस्ट्रेलियन अभियंते आता तीच विद्या आकाशाकडे वळवून रेडिओ लहरी टिपत होते. कृष्णन यांना ते मनापासून आवडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतले दोन तरुण कोलंबो योजनेतून सिडनीला रवाना झाले. त्यांतले एक होते गोविंद स्वरूप. २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्यात जन्मलेले आणि अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले.

सिडनीच्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठावर डब्ल्यू. एन. ख्रिश्चनसेन यांनी पावणेदोन मीटरच्या आसपास व्यासाच्या ३२ तबकड्या ओळीने मांडल्या होत्या. एक मोठी तबकडी बनवण्यापेक्षा लहान लहान तबकड्या दूर दूर ठेवून त्यांचे संदेश एकत्र आणायचे, म्हणजे सूर्याचे चित्र अधिक बारकाईने मिळते, ही त्यामागची युक्ती. ख्रिश्चनसेन नव्या जागी मोठी मांडणी उभारायला निघाले तेव्हा या जुन्या तबकड्या मोडीतच जायच्या होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि ऑस्ट्रेलियाने त्या आनंदाने देऊ केल्या. गाडे अडले जहाजाच्या भाड्यावर. फुकट मिळालेली वस्तू घरी आणायला पैसे नाहीत, हा अनुभव पन्नाशीच्या दशकातल्या भारतीय विज्ञानाला काही नवा नव्हता.

दिल्लीत वाट पाहून स्वरूप १९५६ मध्ये अमेरिकेला गेले. टेक्सासमधल्या हार्वर्डच्या केंद्रात त्यांनी सूर्यावरच्या रेडिओ स्फोटांचा एक नवा प्रकार ओळखला. आलेखावर तो इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला तेच नाव मिळाले. पुढे स्टॅनफर्डला रॉन ब्रेसवेल यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाली. तिथेच त्यांनी दूरवरच्या अँटेनांमधल्या लहरींचा ताळमेळ मोजण्याची एक पद्धत काढली : संदेश अँटेनापर्यंत पाठवायचा, परत आणायचा आणि फरक मोजायचा. पुढे अनेक देशांतल्या दुर्बिणींना तिचा उपयोग झाला.

ख्रिश्चनसेन यांचा दुसरा धागा चीनकडे जातो. वांग शोउग्वान हे तिथल्या रेडिओ खगोलशास्त्राचे जनक. जन्म १९२३चा, मूळ शिक्षण नौदलाचे. ब्रिटनमध्ये जहाजबांधणी शिकायला गेले आणि तिथेच खगोलशास्त्राकडे वळले. १९५३ मध्ये मायदेशी परतले. १९५८ मध्ये हायनान बेटावरून दिसलेल्या सूर्यग्रहणाच्या वेळी रशियन शास्त्रज्ञ आपली उपकरणे घेऊन आले. चिनी रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. त्यानंतर ख्रिश्चनसेन वारंवार चीनला जात राहिले, आणि बीजिंगजवळ मियुन इथे नऊ मीटरच्या २८ तबकड्यांची दुर्बीण वांग यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये पूर्ण झाली. गाण्यात एकाच गुरूचे दोन शिष्य दोन गावी घराणी काढतात, तसेच हे झाले म्हणायचे. दोन्ही घराण्यांत हुकमी साहित्याची चणचण होती.

१९६३–१९७२ : कल्याण आणि उटी

१९६१ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात काम करणारे चार भारतीय, म्हणजे स्वरूप, टी. कृष्णन, मुकुल कुंडू आणि टी. के. मेनन, एकत्र आले. आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारू इच्छितो, असा प्रस्ताव त्यांनी भारतातल्या निरनिराळ्या संस्थांना धाडला. सर्वांत तातडीने आणि सर्वांत स्पष्ट उत्तर आले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांकडून. जानेवारी १९६२ मध्ये त्यांची तार पोचली. २ एप्रिल १९६३ रोजी स्वरूप मुंबईत रुजू झाले. दुर्बीण चालवणाऱ्या पुण्यातल्या आजच्या केंद्राची जन्मतारीख द्यायचीच असेल, तर ती हीच.

तोवर पॉट्स हिलच्या तबकड्याही भारतात पोचल्या होत्या. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्या उभ्या राहिल्या : २४ पूर्व–पश्चिम ओळीत, आठ उत्तर–दक्षिण. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. एन. व्ही. जी. शर्मा, एम. एन. जोशी, विजय कपाही, जे. डी. इस्लूर, आर. पी. सिन्हा, दुर्गादास बागरी अशी नावे या पहिल्या फळीत आढळतात. त्यांतले अनेकजण नुकतेच शिक्षण संपवून आलेले, पंचविशीच्या आतबाहेरचे होते. रेडिओ दुर्बीण कशी चालते हे त्यांना पुस्तकांपेक्षा कल्याणच्या उन्हात स्क्रू पिळताना अधिक कळले असावे.

कल्याण ही तालीम होती. खरा डाव मांडला गेला तो निलगिरीत.

उटीजवळ मुथोराई इथे एक डोंगरउतार सापडला. त्याचा उत्तर–दक्षिण चढ सुमारे ११ अंशांचा, आणि त्या जागेचा अक्षांशही ११. त्यामुळे उतारावर लांबलचक दुर्बीण आडवी टाकली की तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो, आणि ती एकाच दिशेने फिरवली तरी आकाशातल्या स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता येतो. जी गोष्ट साधायला इतरत्र महागडी यंत्रणा लागली असती, ती इथे डोंगराने फुकट दिली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असा हा परवलयाकार पन्हळीसारखा परावर्तक २४ लोखंडी चौकटींवर उभा आहे. त्याचा पृष्ठभाग म्हणजे पत्रा नव्हे, तर पोलादाच्या सुमारे ११०० बारीक तारा. आराखडा इथला, बांधणी इथली. फेब्रुवारी १९७० मध्ये दुर्बीण पूर्ण झाली. भाभा मात्र ती पाहायला नव्हते. जानेवारी १९६६ मधल्या विमान अपघातात ते गेले. त्यांच्यामागे एम. जी. के. मेनन यांनी पाठबळ तुटू दिले नाही.

उटीची मुख्य पद्धत चंद्राचा आडोसा वापरण्याची होती. आकाशात सरकता सरकता चंद्र एखाद्या दूरच्या रेडिओ दीर्घिकेसमोर येतो, तिचा संदेश क्षणाक्षणाने कमी होतो आणि नंतर पुन्हा उगवतो. तो नेमका कसा मावळला यावरून त्या दीर्घिकेचा आकार काढता येतो. अशा हजाराहून अधिक स्रोतांची मापे उटीला निघाली. स्वरूप आणि कपाही यांनी सत्तरीच्या मध्यास दाखवले, की अंधुक, म्हणजे सर्वसाधारणपणे अधिक दूरच्या स्रोतांचे आकार विश्व काळानुसार बदलत आले आहे या कल्पनेशी जुळतात. महास्फोट सिद्धान्ताला हा आधार होता आणि स्थिर स्थितीच्या विश्वाला धक्का. स्थिर स्थितीचे एक खंदे पुरस्कर्ते होते जयंत नारळीकर, आणि तेही त्याच टाटा संस्थेत! पुढे नारळीकरांची आयुका आणि स्वरूप यांचे केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी उभे राहिले. वाद शास्त्राचा होता, शेजार उत्तम राहिला.

१९७३–१९८२ : विषुववृत्तावरचे स्वप्न

हे दशक कमी गाजावाजाचे. उटीची मापे येत राहिली, लहान लहान परावर्तक जोडून उटीची मांडणी काही किलोमीटरपर्यंत फैलावली गेली. दोन किलोमीटर लांबीची एक प्रचंड दुर्बीण विषुववृत्तावर उभारण्याची योजनाही आखली गेली. त्यासाठी केनिया आणि इंडोनेशियाशी बोलणी झाली, पण प्रकल्प आकाराला आला नाही. निधी, परदेशी भागीदार, प्राधान्यक्रम अशा अनेक मुद्द्यांवर त्या काळी मतमतांतरे होती. त्यांच्या तपशिलात शिरण्याची ही जागा नव्हे. त्या आखणीचे संस्कार मात्र वाया गेले नाहीत, हे पुढच्याच दशकात दिसले.

१९८३–१९९२ : दोरखंडांची दुर्बीण

अमेरिकेत तोवर व्हीएलए ही २७ तबकड्यांची दुर्बीण दिमाखात काम करू लागली होती. पण तिचा भर आखूड लहरींवर. मीटरभर लांबीच्या लहरींचा प्रांत तसा मोकळाच होता, आणि तिथे भारताला दोन गोष्टी अनुकूल होत्या. पाश्चात्त्य देशांच्या मानाने इथे त्या काळी रेडिओ गोंगाट कमी होता, आणि लांब लहरींसाठी परावर्तक फार गुळगुळीत असण्याची गरज नसते. मीटरभर लांबीच्या लहरीला एक–दोन सेंटीमीटरची भोके दिसतच नाहीत. जाळी तिच्या लेखी भिंतच असते.

यातून स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो आराखडा काढला, तो या संस्थेचा सर्वांत देखणा शोध म्हणायला हरकत नाही. ४५ मीटर व्यासाची तबकडी, पण पत्र्याची नाही. पोलादी नळ्यांच्या १६ वक्र फासळ्या. त्यांच्यामध्ये ताणलेल्या पोलादी तारांचे दोरखंड. आणि त्या दोरखंडांवर बांधलेली गंजरोधक जाळी. जाळीची तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. मध्यभागी दहा मिलिमीटरची छिद्रे, कडेला वीस. वारा आरपार निघून जातो, त्यामुळे तबकडीवर भार कमी. भार कमी म्हणून लोखंड कमी. लोखंड कमी म्हणून खर्च कमी. टाटा कन्सल्टिंग इंजिनीअर्सच्या अभियंत्यांनी ही कल्पना बांधकामाच्या हिशेबात बसवली. तबकड्या फिरवणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने झाली, तर सर्वांत आखूड लहरींचे ग्राहक बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने दिले.

प्रकल्पाला १९८७ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. जागा शोधताना बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागल्या : शहरांचा गोंगाट नको, आजूबाजूला डोंगरांचा आडोसा हवा, वारे बेताचे हवे, आणि उटीसारखा चुंबकीय विषुववृत्ताचा सान्निध्यदोष नको, कारण तिथे आयनांबर फार चंचल असते. शिवाय उद्योग आणि विद्यापीठ हाकेच्या अंतरावर हवे. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरचे खोडद या सगळ्यात बसले. शेजारचे नारायणगाव महाराष्ट्राला तमाशाची पंढरी म्हणून माहीत होते. आता द्राक्ष आणि टोमॅटोच्या शेतांमधून खगोलशास्त्रज्ञांच्या जीपगाड्या धावू लागल्या.

३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी, सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ तीन भुजांवर, प्रत्येक भुजा सुमारे १४ किलोमीटरची. टोकाच्या दोन अँटेनांमधले अंतर २५ किलोमीटरांपर्यंत जाते. या साऱ्या अँटेनांचे संदेश जमिनीखालच्या प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. भारतात घरोघरी साधा दूरध्वनीही दुर्मीळ होता, त्या काळात हे ठरले.

१९९३–२००२ : उभारणी आणि राष्ट्रार्पण

नव्वदीच्या दशकात एकेक अँटेना उभी राहत गेली. पंधरा मीटर उंच काँक्रीटच्या बुरुजावर तबकडी चढवणे, हजारो तारा एकसारख्या ताणणे, त्यांचा आकार मोजून दुरुस्त करणे, ही कामे शास्त्रज्ञांइतकीच फिटर, वेल्डर, गवंडी आणि आसपासच्या गावांतल्या मजुरांची. शोधनिबंधांच्या लेखकयादीत त्यांची नावे येत नाहीत. म्हणून निदान इथे तरी त्यांची दखल घ्यावी.

१९९४ मध्ये स्वरूप निवृत्त झाले आणि विजय कपाही केंद्राचे संचालक झाले. कल्याणच्या पहिल्या फळीतला माणूस संस्थेच्या सुकाणूवर आला, याचे सर्वांना समाधान होते. दुर्दैवाने मार्च १९९९ मध्ये, दुर्बीण पूर्णत्वाला येत असताना, त्यांचे निधन झाले. एस. अनंतकृष्णन, राजाराम नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेली मजल गाठली. २००२ पासून जगभरच्या संशोधकांसाठी दुर्बीण खुली झाली.

याच वर्षांत चीनमध्येही एक हट्टी माणूस डोंगर धुंडाळत होता. १९४५ मध्ये जन्मलेले नान रेनडोंग. १९९३ मध्ये क्योटोच्या परिषदेत भावी प्रचंड दुर्बिणींची चर्चा झाली, आणि चीनने आपली स्वतःची उभारावी असे त्यांनी मनावर घेतले. ग्वेइझोऊ प्रांतातली चुनखडीची नैसर्गिक खोरी ते वर्षानुवर्षे पायी फिरून पाहत राहिले, कारण खोरे वाडग्याच्या आकाराचे असेल तर खोदकाम वाचते. उटीच्या डोंगराचा हिशेब आठवावा असाच हा हिशेब. ५०० मीटर व्यासाची ती फास्ट दुर्बीण सप्टेंबर २०१६ मध्ये पूर्ण झाली. तिचा परावर्तकही पोलादी दोरखंडांच्या जाळ्यावर तोललेला आहे. वर्षभरातच, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, नान कर्करोगाने गेले.

२००३–२०१२ : खोडदची कमाई

दुर्बीण चालू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच तिने आपला पहिला स्पंदक, म्हणजेच पल्सर, शोधला. तो एनजीसी १८५१ या तारकागुच्छात सापडला. तो सोबत्याभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो, आणि अशा कक्षा गुच्छांतल्या ताऱ्यांच्या चकमकींतून तयार होतात.

या दशकाचे मोठे काम म्हणजे १५० मेगाहर्ट्झवरचे आकाशसर्वेक्षण. निरीक्षणे २०१० ते २०१२ दरम्यान झाली. त्यांच्यावर प्रक्रिया होऊन २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक स्रोतांची यादी खुली झाली. खोडदवरून दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या आकाशाचा, म्हणजे एकूण आकाशाच्या ९० टक्के भागाचा, तो नकाशा आहे.

हौशी आकाशनिरीक्षकांना जून लागला की दुर्बिणी गुंडाळून ठेवाव्या लागतात. खोडदला तो प्रश्न नाही. ढग, भरदुपार, श्रावणसरी यांतले काहीही मीटरभर लांबीच्या लहरींना अडवत नाही. अडवते ते माणसाचे यंत्र : मोबाइल, वीजवाहिनीवरची ठिणगी, बिघडलेले उपकरण. म्हणून गोंगाट शोधत गावोगाव फिरणे, शेतकऱ्यांशी आणि वीजमंडळाच्या लोकांशी बोलून दोष दूर करणे हे इथल्या कामाचे कायमचे अंग झाले आहे.

२०१३–२०२६ : नवे कान

पहिली रचना एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू शकत होती. नव्या ग्राहकांनी आणि नव्या संगणकीय यंत्रणेने तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला. दुर्बीण बंद न करता, निरीक्षणे चालू ठेवून, अँटेनामागून अँटेना बदलत हे काम झाले. २०१९ पर्यंत ते पुरे होत आले. यशवंत गुप्ता यांच्या संचालकपदाच्या काळात दुर्बिणीचा हा नवा अवतार स्थिरावला.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी एक वेगळीच परीक्षा झाली. युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत होते. त्याच्या लहानशा प्रक्षेपकाचा संदेश पृथ्वीवर थेट ऐकण्याची कामगिरी खोडदवर होती. यान वातावरणात शिरले, खाली येऊ लागले, तसा तो क्षीण संदेश पडद्यावर सरकताना दिसत होता. उतरण्याच्या थोडे आधी तो तुटला. यान कोसळल्याचे नंतर स्पष्ट झाले. मोहीम फसली, पण कोट्यवधी किलोमीटरवरून आलेली एवढी बारीक हाक इथे ऐकू आली होती.

हायड्रोजनचा शोध हे तर या दुर्बिणीच्या जन्माचेच एक कारण. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निसीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकमेकांवर रचून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजला. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांचा निकाल जाहीर झाला. ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला एकाच दीर्घिकेचा हायड्रोजन संदेश त्यांना खोडदच्या निरीक्षणांत सापडला होता. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे तीसपट मोठा झाला, म्हणून दिसला.

त्याच वर्षी २९ जूनला भारत, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथल्या गटांनी एकाच दिवशी जाहीर केले, की स्पंदकांच्या ठोक्यांमध्ये अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागते आहे. भारतीय गटाची निरीक्षणे खोडदची होती, चिनी गटाची नान रेनडोंग यांच्या फास्टची. गोविंद स्वरूप हे ऐकायला नव्हते. ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून आयईईईने जीएमआरटीला मान दिला, तेही त्याच वर्षी.

आता लक्ष आहे ते दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए दुर्बिणीवर. त्यातल्या सहभागासाठी भारताने १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि दुर्बिणीचे नियंत्रण करणाऱ्या प्रणालीच्या आखणीत पुण्याच्या केंद्राने पुढाकार घेतला. अशी महाकाय दुर्बीण देशोदेशींनी मिळून उभारावी, ही कल्पना मांडणाऱ्यांत नव्वदीच्या सुरुवातीला स्वरूपही होते. घरच्या आघाडीवर पुणे–नाशिक वेगवान रेल्वेच्या मूळ मार्गाने दुर्बिणीला त्रास होईल हे लक्षात आल्यावर त्या आखणीचा फेरविचार झाला.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञानदिनी, खोडदची फाटके सर्वांसाठी उघडतात. जिल्हापरिषदेच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग मांडतात, एसटीने आणि ट्रॅक्टरने माणसे येतात. एरवीचे दिवस निरीक्षणांचे. संशोधकांचे अर्ज देशोदेशींहून येतात, समिती त्यांची छाननी करून वेळ वाटते. एप्रिल ते सप्टेंबर एक सत्र, ऑक्टोबर ते मार्च दुसरे. रौप्यमहोत्सवी ऑक्टोबरही याच वेळापत्रकाने सुरू होईल.